माझ्या भावाने खुलासा दिला होता

मराठी दैनिके, साप्ताहिके आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस खुले पत्र

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९८८ ते २०१९ अशी एकतीस वर्षे मी एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणारी. ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, कापून पान चिकटवण्याच्या दिवसांपासून पडद्यावर पान लावण्याच्या दिवसांपर्यंत. मी निवृत्त झाले त्याच वर्षी आमचा विभागही बंद झाला. उपसंपादक आपापली कॉपी तपासतील, शिवाय संगणकात शुद्धलेखनाची सोय आहेच, असे आम्हाला सांगण्यात आले. वाईट वाटले, पण मी कुठे लिहिले नाही. ज्या घराचे मीठ खाल्ले त्या घराबद्दल चारचौघांत बोलू नये, अशा वळणात मी वाढले आहे.

आज लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी जुलै महिन्यात एका मथळ्यातल्या एका शब्दाने माझ्या धाकट्या भावाची तेहतीस वर्षांची नोकरी वेळेआधी संपवली.

तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होता. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा नोंदवहीशी जुळत नाही अशी कुणीतरी तक्रार केली. कार्यालयाने कारणे दाखवा नोटीस काढली आणि तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला. त्याने चार पानांचा खुलासा दिला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम, या हिशोबाने रोजची हजेरी आणि रोजचा शिजवलेला तांदूळ त्याने मांडला. मधल्या नऊ दिवसांच्या नोंदी उशिरा झाल्या होत्या, कारण त्या दिवसांत तो मतदार याद्यांच्या कामावर होता. तेही त्याने लिहिले आणि त्या कामाचा आदेश सोबत जोडला.

दुसऱ्या दिवशी मथळा आला : ‘तांदूळ प्रकरणी मुख्याध्यापकांचा धक्कादायक खुलासा’. खाली बातमी सहा ओळींची होती आणि त्या सहाही ओळी बरोबर होत्या. पण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला तो फक्त मथळ्याचा फोटो. शाळा व्यवस्थापन समितीतले एक पालक सकाळी भेटले आणि म्हणाले, “सर, कबूल केलंत ते बरं केलंत.” त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटले होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “ताई, खुलासा म्हणजे काय गं?”

तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याला अक्षरे मी गिरवायला लावली आहेत. शब्दांचा अर्थ विचारायला तो लहानपणी माझ्याकडेच यायचा आणि मी मोठ्या ऐटीत सांगायची. त्या संध्याकाळी मला सांगता आले नाही. त्याच्या हातातल्या नोटिशीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण होते. गावाच्या डोक्यात खुलासा म्हणजे झाकलेले पाप उघडे पडणे. दोन्ही अर्थ मराठीच होते आणि तो त्या दोहोंच्या मधे उभा होता.

दोन महिन्यांनी चौकशी पुरी झाली. साठा बरोबर निघाला. ती बातमी कुठेच आली नाही. दिवाळीनंतर त्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

मधल्या काळात मी त्या वृत्तपत्राच्या कार्यालयात फोन केला होता. जो मुलगा बोलला तो अदबीने बोलला, त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. रात्री एकट्याने चार पाने सोडायची म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तो म्हणाला, “मॅडम, आता खुलासा याच अर्थाने चालतो. वाहिन्यांवर रोज म्हणतात. भाषा बदलतेच ना?”

हे पत्र त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते त्या मुलाला न देता तुम्हाला देते, कारण त्याला हे सांगायचे काम तुमचे होते.

भाषा बदलते. हे मला शिकवावे लागत नाही. एकतीस वर्षे मी दुसरे काही पाहिलेच नाही. ज्याला आपण राजीनामा म्हणतो तो मुळात राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा, कागद. मुंबई इलाख्यात रयतवारीच्या, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई त्या, काळात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. जमीन सोडण्याचा तो कागद पुढे खुर्ची सोडण्याचा झाला. संस्कृतातली शिक्षा म्हणजे शिकणे. हिंदीत ती अजून शिक्षणच आहे, मराठीत मात्र दंड झाली, आणि तरी शिक्षक व शिक्षण हे तिचे सख्खे नातेवाईक जुन्या अर्थात सुखाने नांदत आहेत. मृग म्हणजे कोणतेही वन्य जनावर होते, म्हणून सिंह मृगेंद्र; आता मृग म्हटले की हरीण. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव कादंबरी, आणि आपण तिच्या नावाने साऱ्या साहित्यप्रकाराला ओळखतो.

असेच आणखी दोन बदल मला फार मोलाचे वाटतात. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ हा शब्द येतो. सर्व पासंडांनी सर्वत्र राहावे, एकमेकांचे ऐकावे, असे तो सांगतो. तिथे पासंड म्हणजे निरनिराळे पंथ, आणि शब्दात अनादराचा लवलेश नाही. तोच शब्द पुढे पाखंड झाला, म्हणजे ढोंग. अशोक स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवत असे, देवांचा लाडका. पुढच्या संस्कृत व्याकरणपरंपरेत त्याच शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदला गेला. एका सम्राटाची पदवी शिवी झाली. शब्द बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी कोणाला तरी खाली ओढत असते, हे मी या दोन शब्दांवरून शिकले.

आणि एक शब्द असा की ज्याच्याखालची जमीनच गेली, तरी तो उभा आहे. पिकाचा अंदाज पूर्वी आण्यांत सांगत; रुपयाचे आणे सोळा, तसे पुरे पीक सोळा आणे. म्हणून आणेवारी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणा गेला, सरकारी कागदावर पैसेवारी आली. आमच्या गावात आजही आणेवारीच म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली की पीक बुडाले, एवढे प्रत्येक शेतकऱ्याला कळते. या शब्दामुळे कोणाचे नुकसान झालेले मी ऐकलेले नाही, कारण बोलणारा, ऐकणारा आणि कागद लिहिणारा तिघेही एकच गोष्ट समजतात.

इथेच माझे म्हणणे आहे. शब्द जुना अर्थ सोडून नव्याकडे जातो तो एका रात्रीत जात नाही. मधे बरीच वर्षे दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत असतात. कचेरी एक अर्थ धरते, चौक दुसरा. राजीनाम्याचा प्रवास आता पुरा झाला आहे, त्यात कोणी सापडत नाही. खुलाशाचा प्रवास चालू आहे, आणि त्या वाटेवर माणसे आहेत. कचेरी आणि चौक यांच्या मधे जे उभे असते त्याला वृत्तपत्र म्हणतात. एकाचा शब्द दुसऱ्याला समजेल असा पोचवणे हे तुमचे काम. “भाषा बदलते” म्हणून ते टाळता येत नाही. उलट भाषा बदलत असते तेव्हाच त्या कामाची गरज असते.

आता तक्रारी मांडते.

पहिली खुलाशाचीच. हा शब्द मूळ अरबी. तिकडे त्याचा अर्थ सार, निचोड. मराठीत तो स्पष्टीकरण या अर्थाने रुजला आणि ‘खुलासेवार सांगा’ असा आपण त्याचा पोटशब्दही केला. गुपित फोडणे हा अर्थ हिंदी बातम्यांमधून आला. हिंदीशी माझे भांडण नाही, मराठीने फारसीकडून आणि कानडीकडून घेतले तसे हिंदीकडूनही घ्यावे. पण गुपित फोडण्यासाठी आपल्याकडे गौप्यस्फोट होता, बिंग फुटणे होते, उघडकीस येणे होते, पितळ उघडे पडणे होते. हे सगळे घरात असताना नेमका तोच शब्द का उलटा करावा, जो दररोज शेकडो कर्मचाऱ्यांना नोटिशीत लिहून येतो? शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, यांच्याकडून खुलासा मागतात. तो देणे हा त्यांचा बचावाचा हक्क आहे. तुम्ही त्या शब्दाला कबुलीचा वास लावला की बचाव करणारा माणूस बचाव करतानाच दोषी दिसतो.

दुसरी तक्रार पोलिसांच्या बातम्यांची. ताब्यात घेणे आणि अटक करणे या दोन गोष्टी आहेत. संशयित, आरोपी आणि दोषी या तीन पायऱ्या आहेत. शेवटची पायरी फक्त न्यायालय चढवते. आरोपी हा शब्द घडणीने सदोष आहे, ‘ज्याच्यावर आरोप आहे तो’ याला आरोपित म्हणायला हवे, असे माझ्या पिढीतले काही जण हट्टाने सांगत. मी तो हट्ट सोडला, कारण आरोपी म्हणजे काय ते सर्वांना कळत होते. आता कळेनासे झाले आहे. ‘आरोपींना फाशी द्या’ असे फलक मोर्चात दिसतात आणि मथळेही तसेच येतात, जणू आरोप आणि अपराध एकच. जामीन मिळाला की ‘सुटका’ असा मथळा देता. जामीन म्हणजे मुळात हमी घेणारा माणूस. अजूनही आपण ‘मी त्याला जामीन राहिलो’ म्हणतो. हमीवर बाहेर येणे म्हणजे सुटका नव्हे, आणि निर्दोष ठरणे तर नव्हेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचे कलम ३०२ जाऊन १०३ आले. हे आकडे तुम्ही लगेच शिकलात आणि बरोबर छापता, हे मी पाहते. आकड्यांसाठी घेता तेवढी काळजी शब्दांसाठी घ्यावी, एवढेच मागणे आहे.

तिसरी तक्रार लिहिताना मला जड जाते. ‘अत्याचार’. अति आचार, वागण्याची मर्यादा ओलांडणे. तुमच्या पानांवर बलात्काराला अत्याचार म्हणतात, मारहाणीला अत्याचार म्हणतात, आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ याखाली येणाऱ्या गुन्ह्यांनाही तोच शब्द आहे. ‘महिलेवर अत्याचार’ एवढे वाचून काय घडले ते कळत नाही. आमच्या विभागातही बलात्कार हा शब्द कापून अत्याचार लिहायची रीत होती. घरातली मुले पेपर वाचतात, असे कारण देत. मीही तो कापला आहे, अनेकदा, आणि आज त्याचा मला पश्चात्ताप होतो. पीडितेचे नाव आणि ओळख लपवायला कायदा सांगतो, ती लपवलीच पाहिजे. गुन्ह्याचे नाव लपवायला कोणीही सांगितलेले नाही. ज्या गुन्ह्याचे नाव घ्यायला आपणच लाजतो, त्याची तक्रार करायला येणाऱ्या मुलीने ठाण्यात तो शब्द कुठून आणायचा?

चौथी पावसाची. आमचे माहेर मराठवाड्यातले, घरची थोडी शेती आहे. जोराचा पाऊस झाला की तुमच्याकडे ‘ढगफुटी’ होते. हवामानशास्त्रात या शब्दाला माप आहे : साधारण वीस ते तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. अतिवृष्टीलाही मदतीच्या नियमांत माप आहे : महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक. शेजारच्या शेतकऱ्याचे सोयाबीन वाहून गेले, त्याने ‘तालुक्यात ढगफुटी’ हे कात्रण जपून ठेवले आणि ते घेऊन तहसीलमध्ये गेला. मंडळाच्या पर्जन्यमापकावर नोंद ६५ च्या आतली होती. तो मला म्हणाला, “पेपरात छापलंय तरी मानत नाहीत.” त्याचा कात्रणावर विश्वास होता. मंडळात कितीतरी गावे आणि पर्जन्यमापक एका ठिकाणी. ढग एका शिवारात कोसळतो आणि मापक कोरडा राहतो, ही खरी बातमी होती. पर्जन्यमापक कुठे बसवला आहे, किती गावांचा पाऊस त्याच्यावर मोजतात, हे विचारायचे होते. ‘ढगफुटी’ छापून तो प्रश्नच बुजला.

दुष्काळाचेही असेच. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने आधी ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली आणि नंतर १५१ तालुक्यांत दुष्काळ. त्या ‘सदृश’ला फार अर्थ होता. बऱ्याच मथळ्यांतून तो जागेअभावी गळला. जागेची अडचण मला कळते, चार अक्षरांसाठी मी स्वतः रात्री झगडले आहे. पण काय गाळायचे हे ठरवताना अर्थ शेवटी गाळावा.

काही शब्दांसाठी मी आता भांडत नाही, हेही सांगते, म्हणजे हे पत्र एका म्हाताऱ्या मुद्रितशोधकाची कुरकुर ठरणार नाही. ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणजे माझ्या पाठीमागे, असे सगळे लिहितात. खरे तर परोक्ष म्हणजे डोळ्याआड आणि अपरोक्ष म्हणजे समोर. शंकराचार्यांच्या नावावर असलेली ‘अपरोक्षानुभूती’ ही साक्षात अनुभवाबद्दल आहे. पंधरा वर्षे मी हा शब्द दुरुस्त केला आणि पंधरा वर्षे वाचकांची पत्रे आली की तुम्ही उलटे छापता. शेवटी मी तो शब्दच टाळायला सांगू लागले. ‘पाठीमागे’ लिहा, ‘गैरहजेरीत’ लिहा, कोणाचाही गोंधळ होत नाही. ‘अक्षरशः’ म्हणजे अक्षर न् अक्षर. आता पावसाने अक्षरशः झोडपले तरी चालते. ‘भयंकर सुंदर’ही चालते. त्याने भाषा थोडी पातळ होते, पण कोणाचे घर बसत नाही. माझी मोजपट्टी एवढीच आहे : या शब्दाच्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागते?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तुम्ही पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तो आनंद छापलात, मीही ते पान ठेवले आहे. त्याच पानाखाली काम करणाऱ्यांपैकी भाषा तपासण्यासाठी नेमलेला एकही माणूस नसेल, तर तो आनंद मला अपुरा वाटतो. संगणकातली सोय ‘खुलासा’ हा शब्द बरोबर आहे असेच सांगते. तो बरोबरच लिहिलेला होता, ऱ्हस्वदीर्घासकट. चूक अर्थात होती, आणि अर्थ तपासायला ती बातमी समजणारा माणूस लागतो.

म्हणून माझ्या मागण्या.

प्रत्येक आवृत्तीत, रात्रपाळीला, निदान एक माणूस असा हवा की ज्याचे काम फक्त मजकूर वाचणे हेच असेल आणि ज्याला मथळा थांबवण्याचा अधिकार असेल. मुद्रितशोधक म्हणा किंवा दुसरे काही म्हणा. वाहिन्यांनी पडद्याखालच्या पट्टीसाठी हेच करावे. पट्टीवरचा शब्द दिवसभर फिरतो आणि वृत्तपत्रे तो उचलतात.

कचेरी, न्यायालय, पोलीस ठाणे आणि हवामान यांच्या बातम्यांत येणाऱ्या शब्दांची एक छोटी यादी प्रत्येक डेस्कवर असावी. ‘खुलासा’ फक्त स्पष्टीकरणासाठी. ‘दोषी’ फक्त निकालानंतर. बलात्काराला बलात्कार. ‘ढगफुटी’ आणि ‘अतिवृष्टी’ मिलिमीटरच्या आकड्यासह, आणि आकडा हाती नसेल तर ‘जोराचा पाऊस’. अशी यादी करायला दोन दुपारी पुरतात. कोणाला हवी असेल तर मी विनामोबदला करून देईन.

ज्याच्यावरच्या आरोपाची बातमी छापली, त्याची चौकशी निर्दोष संपली तर तीही बातमी छापावी. त्याच पानावर, तेवढ्याच जागेत. आतल्या पानावरच्या दोन ओळींनी पहिल्या पानावरचा मथळा पुसला जात नाही.

आणि शेवटची मागणी एकाच वृत्तपत्राकडे आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, ते हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल. तुम्हाला शब्द शोधायला त्रास नको म्हणून मथळा मीच जुळवला आहे. तुमच्या दोन कॉलमांत बसतो, मोजून पाहिला आहे :

‘मुख्याध्यापकांचे स्पष्टीकरण ग्राह्य, तांदळाचा साठा चौकशीत बरोबर’

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक